क्लच कुणी जाळला?

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. माहेरचा पाहुणचार घेऊन चिपळूणहून कऱ्हाडला परत निघालो होतो. गाडी मी चालवत होते. शेजारी हे, मागे लेक, आणि तिच्या मांडीवर वहिनीनं दिलेला फराळाचा डबा. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि नेमका आमच्या पुढे आला एक माल भरलेला ट्रक.

ट्रक मुंगीच्या पावलांनी चढत होता. वळणं अशी की पुढे काढायची सोय नाही. मी आपली त्याच्या मागे मागे. तो थांबला की मी थांबायची, तो हलला की मी हलायची. ब्रेकला हात लावायलाच नको, क्लच अर्धा दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवायची मला छान सवय होती. शिकवणीच्या गाडीवर मास्तरांनी त्याचं कौतुकही केलं होतं. अर्धाएक तास असा गेला. मग काहीतरी जळल्याचा वास आला. लेक म्हणाली, "आई, कुणाचं तरी रबर जळतंय." रबर कुणाचं नव्हतं, वास आमचाच होता. मी पाय दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही!

गाडी कडेला घेतली, म्हणजे लोकांनी ढकलून घेतली. पुढे एका जीपवाल्यानं टोचन लावून घाटमाथ्यावर आणि तिथून पाटणपर्यंत पोचवली. रात्री अकरा वाजता घरी आलो. वाटेत ह्यांनी एकच वाक्य उच्चारलं, पण ते तीनदा : "तरी मी सांगत होतो, घाटात मी चालवतो."

मैत्रिणींनो, मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. लेकीची शिकवणी, सासूबाईंचे दवाखाने, भाजी-किराणा, सगळं त्या गाडीवर चाललं होतं. पण त्या रात्रीनंतर किल्ली खुंटीवरून काढायला माझा हात धजेना. दीर फोनवर हसून म्हणाले, "वहिनी, क्लच जाळलात म्हणे!" शेजारच्या काकूंनी विचारलं. इस्त्रीवाल्यालासुद्धा कळलं होतं. घरात एखादी वस्तू मोडली की ती कुणाच्या हातून मोडली हे आधी ठरतं, आणि कशी मोडली याची चौकशी नंतर होते, किंवा होतच नाही. आपल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे.

मी मात्र यावेळी चौकशी करायची ठरवली.

मिस्त्रींच्या हातातली प्लेट

माझी एक सवय आहे. दुरुस्तीचं बिल द्यायचं तर खराब झालेली वस्तू डोळ्यांनी पाहूनच द्यायची. मिक्सरची मोटर असो की पंख्याचा कंडेन्सर. तेव्हा गाडी उघडली त्या दिवशी मी गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले. हेही आले, नाइलाजानं.

मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी खालून एक तबकडी काढून माझ्या हातात दिली. स्वयंपाकघरातल्या छोट्या ताटलीएवढी, मध्ये दातेरी भोक, आणि दोन्ही अंगांना कडेकडेनं कडक पुठ्ठ्यासारखा थर. "वैनी, ही क्लचप्लेट," ते म्हणाले. "ह्यो थर बगा. काय राह्यलाय?"

थर जवळजवळ नव्हताच. तो ज्या पितळी रिव्हेटांनी बसवलेला असतो त्यांची डोकी वर आली होती. मी ओशाळून म्हटलं, "परवा घाटात जळाली. मीच चालवत होते."

मिस्त्री हसले. "एका घाटात प्लेट अशी न्हाई जात. एका दिवसात जळल्याली प्लेट काळी पडती, काचंवानी चकाकती, पर थराची जाडी शिल्लक असती. ही झिजल्याली हाय, रिव्हेटापतुर. ही दोन-तीन वर्सांची कमाई हाय. घाटानं फकस्त शेवटचा धक्का दिला." मग त्यांनी आम्हा दोघांकडे पाहून विचारलं, "गाडी कोण कोण चालवतं?"

ह्या एका प्रश्नावर त्या गॅरेजमध्ये आमची तासभर शाळा भरली. त्या शाळेत मी जे शिकले आणि पुढे गाडीचं पुस्तक वाचून, विचारून जे पक्कं केलं, ते आज तुम्हाला सांगते आहे.

क्लच म्हणजे नेमकं काय?

आपण पायाखाली दाबतो तो पेडल. खरा क्लच आत असतो, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये. इंजिनाच्या टोकाला एक जड लोखंडी चाक फिरत असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्या समोर दुसरी लोखंडी तबकडी असते, ती प्रेशर प्लेट. या दोघींच्या मध्ये आपली क्लचप्लेट घट्ट दाबलेली असते. तिघी एकत्र फिरल्या की इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते. आपण पेडल दाबलं की प्रेशर प्लेट सैल होते आणि मधली प्लेट मोकळी सुटते. इंजिन आपलं फिरत राहतं, चाकांशी त्याचा संबंध तुटतो. तेवढ्यात आपण गिअर बदलून घेतो.

आता मुद्दा बघा. पेडल पूर्ण वर असेल तर प्लेट घट्ट धरलेली असते, घासत नाही. पेडल पूर्ण खाली असेल तर ती मोकळी असते, तेव्हाही घासत नाही. ती घासते फक्त मधल्या अवस्थेत, ज्याला आपण हाफ क्लच म्हणतो. जात्याचे दोन दगड एकमेकांवर फिरतात आणि मध्ये दाणा नसतो, तसं होतं तेव्हा. गाडी जागेवरून निघताना दोन-तीन सेकंद हाफ क्लच लागतोच, त्याला इलाज नाही. प्लेट तेवढ्यासाठी बनवलेलीच असते. पण तीच अवस्था अर्धा तास ठेवली तर? माझ्या घाटात नेमकं हेच झालं होतं.

तेव्हा दोषाचा एक वाटा माझा. तो मी तिथेच कबूल केला. ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

डाव्या पायाची विश्रांती

मिस्त्रींनी गॅरेजमधल्याच दुसऱ्या गाडीत ह्यांना बसवलं आणि म्हणाले, "सायेब, एक चक्कर मारा." स्वतः शेजारी बसले, मी मागे. चौकापर्यंत गेलो आणि आलो. उतरल्यावर मिस्त्री म्हणाले, "सायेब, तुमचा डावा पाय सारका क्लचवर हाय."

हे वीस वर्षं गाडी चालवतात. आणि वीस वर्षं त्यांचा डावा पाय क्लचच्या पेडलवर विसावलेला असतो! दाबत नाहीत, नुसता ठेवतात. पण पायाला वजन असतंच की. तेवढ्यानं प्रेशर प्लेटची पकड किंचित ढिली होते आणि मधली प्लेट थोडी थोडी सरकू लागते. पेडलमागे एक बेअरिंग असतं, रिलीज बेअरिंग, तेही विनाकारण फिरत राहतं. दिसत काही नाही, कळत काही नाही, पण थर मात्र रोज झिजतो. नळ ठिबकत राहावा तसं.

सिग्नललाही तेच. लाल दिव्याला हे पहिला गिअर टाकून, क्लच दाबून बसून राहतात. "लगेच निघता येतं," म्हणे. दीड मिनिट दिवा लाल, दीड मिनिट त्या बेअरिंगवर ताण. गाडी न्यूट्रल करावी, हँडब्रेक ओढावा, दोन्ही पाय मोकळे. दिवा हिरवा झाल्यावर गिअर टाकायला लागतो तो एक सेकंद.

ब्रेक वाचवायचे की क्लच?

आता माझ्या दुसऱ्या सवयीकडे येते. तिचा मला अभिमान होता, म्हणून ती जास्त लागली.

शिकवणीच्या मास्तरांनी मला सांगितलं होतं, "ब्रेक कमी वापरा, गिअरनं गाडी रोखा." म्हणून सिग्नल दिसला की मी पाचव्यातून चौथ्यात, चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात असे गिअर धडाधड उतरवायची. प्रत्येक वेळी गाडीला एक हिसका बसायचा, मागे लेकीचं डोकं हलायचं. मला वाटायचं, मी ब्रेक वाचवते आहे.

मिस्त्रींनी विचारलं, "वैनी, ब्रेकपॅड केवड्याला येतंय आन् क्लचप्लेट केवड्याला?" मग त्यांनीच हिशेब सांगितला. आमच्या लहान गाडीच्या पुढच्या ब्रेकपॅडचा जोड दीड-दोन हजारांत येतो, चाक काढलं की तासाभरात बसतो. क्लचसाठी अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. आमचं बिल झालं साडेआठ हजार, आणि गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये. "ब्रेक झिजायसाठीच असत्यात, वैनी. स्वस्ताचं वाचवून महागाचं कशापायी झिजवताय?"

चटका बसू नये म्हणून आपण हातात दोन रुपयांचं फडकं धरतो, साडीचा पदर नाही धरत. इथे मी बरोबर उलटं करत होते.

तो हिसका का बसतो?

हे जरा समजून घेण्यासारखं आहे. समजा गाडी पाचव्या गिअरमध्ये ताशी साठनं चालली आहे. लहान पेट्रोल गाडीत इंजिन तेव्हा मिनिटाला साधारण दोन हजार फेरे घेत असतं. त्याच वेगात तिसरा गिअर टाकला तर इंजिनाला सव्वातीन-साडेतीन हजार फेरे घ्यावे लागतात. चाकांचा वेग तोच, गिअर खालचा, म्हणून इंजिनाला जास्त धावावं लागतं. पण आपण तर क्लच दाबताना अॅक्सिलरेटर सोडलेला असतो, त्यामुळे इंजिन उलट मंदावलेलं असतं. आणि अशा वेळी आपण क्लच सोडतो. मंद इंजिनाला एकदम साडेतीन हजारांवर ओढून नेण्याचं काम कोण करतं? बिचारी क्लचप्लेट, स्वतः घासून घेऊन. हिसका बसतो तो हाच.

चालत्या एसटीत चढणारा माणूस आठवा. सराईत माणूस आधी चार पावलं गाडीबरोबर पळतो आणि मग दांडा धरतो. न पळता दांडा धरणाऱ्याचा खांदा निखळायचा. इंजिनालाही आधी चार पावलं पळू द्यायचं. म्हणजे असं करायचं : क्लच पूर्ण दाबा, गिअर खाली घ्या, क्लच सोडण्याआधी उजव्या पायानं किंचित रेस द्या, इंजिनाचा आवाज थोडा चढला की क्लच न रेंगाळता, पण अलगद सोडा. बरोबर जमलं तर हिसका बसतच नाही. मागच्या सीटवर कुणी झोपलेलं असेल तर जागंही होत नाही. मला हे जमायला तीन आठवडे लागले. रोज सकाळी लेकीला सोडून येताना रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात, एवढंच करत राहायची.

जुन्या माणसांना 'डबल क्लच' आठवत असेल. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून रेस, पुन्हा दाबून गिअर. जुन्या ट्रकवरचे ड्रायव्हर हे सतत करत. आजच्या गाडीत त्याची गरज नाही, कारण गिअरबॉक्सच्या आत सिंक्रोमेश नावाची सोय असते. गिअर लागण्याआधी छोट्या कड्या एकमेकींना घासून दोन्ही बाजूंचा वेग जुळवून घेतात. अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत १९२८ साली ती पहिल्यांदा आली. पण या कड्याही झिजतातच. दांडा रागानं ढकलला, किंवा गाडी वेगात असताना एकदम पहिला गिअर घातला, की त्यांच्यावर भार येतो. दांडा हलक्या हातानं न्यावा, मधे क्षणभर थांबू द्यावा, आपोआप आत जातो. आणि एकदा गिअर लागला की हात दांड्यावरून काढावा. कायम दांड्यावर हात टेकून बसलं तर आतल्या भागांवर दाब राहतो.

मग गिअर उतरवायचा केव्हा?

ह्याचं उत्तर मी एका ओळीत लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवलं आहे : वेग कमी करायला ब्रेक, कमी वेग टिकवायला गिअर.

सिग्नल दिसला की अॅक्सिलरेटर सोडा. गिअर आहे तोच राहू द्या. ब्रेक हळूहळू दाबा. इंजिन कण्हायला लागायच्या आत क्लच दाबून न्यूट्रल करा. मधले गिअर एकेक करून उतरवायची गरज नाही. मध्येच दिवा हिरवा झाला तर त्या वेळी जो वेग असेल त्याला साजेसा गिअर सरळ घाला. चौथ्यातून थेट दुसरा घातला तरी चालतो, मात्र वेग तेवढा उतरलेला हवा.

वळणावर आधी ब्रेकनं वेग कमी करा, गिअर घ्या, क्लच पूर्ण सोडा, आणि मग वळा. क्लच दाबून वळण घेऊ नये, गाडी मोकळी सुटते.

एखाद्या ट्रॅक्टरच्या पुढे जायचं असेल, किंवा चढ लागणार असेल, तर इंजिन दमण्याच्या आधीच गिअर उतरवा. पाचव्यात रखडत, थरथरत चढवणं म्हणजे इंजिनाचे हाल.

घाट उतरताना

इथे मात्र नियम बदलतो. हा भाग दोनदा वाचा, कारण इथे प्रश्न साडेआठ हजारांचा नाही, जिवाचा आहे.

लांब उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी आणली तर ब्रेक तापतात. तापलेले ब्रेक धरत नाहीत. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषून घेतं, त्यामुळे ते लवकर उकळतं, आणि मग पेडल दाबलं की नुसतं खाली जातं. म्हणून उतारावर गाडीला इंजिननं धरून ठेवायचं असतं. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून दुसरा किंवा तिसरा गिअर घाला. जुनी माणसं सांगतात ते खरं आहे : ज्या गिअरनं घाट चढाल, त्याच गिअरनं उतरा. गिअर एकदाच बदलला आणि क्लच पूर्ण सोडला की प्लेट घासत नाही. म्हणजे उतारावर इंजिननं गाडी धरून ठेवण्यात क्लचचं काहीही जात नाही. जातं ते दर वळणाला गिअर खाली-वर करण्यात.

लागेल तिथे ब्रेक ठामपणे दाबायचा आणि सोडायचा. सतत हलका पाय ठेवून बसायचं नाही, ब्रेकला निवायला वेळ मिळाला पाहिजे. पावसाळ्यात, चिखल-पाल्यावर गिअर एकदम खाली आणून क्लच धाडकन सोडू नये, चाकं घसरतात.

आणि एक कळकळीची विनंती. घाटात गाडी न्यूट्रल करून उतरू नका, इंजिन बंद करून तर कधीच नाही. "पेट्रोल वाचतं" असं म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं, आमच्याही आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जाणंच थांबतं, चाकंच इंजिन फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर खर्च होतं! इंजिन बंद केलं तर दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंगही जड होतं. पेट्रोलचे चार थेंब आणि घरातली चार माणसं, तोलून बघा.

माहेरी निघालेली पहिली मोटारवाली

हे सगळं शिकत असताना एक गोष्ट वाचनात आली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी मोटारगाडी बनवली, पण ती घेऊन पहिला लांबचा प्रवास केला तो त्यांच्या बायकोनं. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन शाळकरी मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून प्फोर्झहाइमला निघाल्या. सुमारे १०५ किलोमीटर. आणि कुठे निघाल्या होत्या? माहेरी!

वाटेत पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, तो त्यांनी टोपीच्या पिनेनं काढला. चढ लागला की गाडी चढेना, मुलांनी उतरून ढकलली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. परत आल्यावर नवऱ्याला सांगितलं की चढासाठी आणखी एक खालचा गिअर हवा. म्हणजे मैत्रिणींनो, ब्रेकचं अस्तर आणि चढाचा गिअर, या दोन्ही गोष्टींमागे एका गृहिणीची गरज आहे. यापुढे कुणी "बायकांना गिअर कळत नाहीत" म्हणालं तर ही गोष्ट सांगा.

खास आपल्यासाठी

मिस्त्रींनी माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट पकडली. ह्यांची उंची पाच फूट दहा इंच, माझी पाच फूट एक. गाडी घरात दोघांची, पण सीट कायम ह्यांच्या मापाची. मी टोकावर बसून चालवायची. त्यामुळे माझा पाय पेडल पूर्ण तळाला नेतच नव्हता. क्लच अर्धवट दाबून गिअर घातला की करकर आवाज येतो आणि गिअरबॉक्सच्या कड्या झिजतात. तो आवाज आला की हे म्हणायचे, "गिअर टाकता येत नाही तुला." येत होता हो! पाय पोचत नव्हता.

गाडीत बसल्यावर आधी सीट पुढे घ्या. क्लच तळाला दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठीला उशी लागत असेल तर घ्या, लाजू नका. पेडलखाली जाड पायपुसणं किंवा दुहेरी मॅट सरकत नाही ना, हे पाहा. आमच्या गाडीत मीच हौसेनं घातलेली जाड मॅट पेडल अडवत होती. उंच टाचेची किंवा सैल चप्पल घालून गाडी चालवू नका. पातळ तळव्याचा सपाट बूट गाडीतच ठेवा. साडी असेल तर निऱ्या डाव्या पायाखाली येणार नाहीत अशा आवरून घ्या.

क्लच दमत चाललाय, हे कसं ओळखाल?

१. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. म्हणजे प्लेट सरकते आहे.

२. पूर्वी जो चढ सहज चढायची तिथे गाडी ओढत नाही, पेट्रोलही जास्त लागतं.

३. पेडल फार वर आल्यावर गाडी हलते. किंवा पेडल पूर्वीपेक्षा जड लागतं.

४. चढावर किंवा गर्दीत जळका वास येतो.

५. पेडल दाबल्यावर घरघर आणि सोडल्यावर बंद, असं असेल तर बहुधा रिलीज बेअरिंग.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. सपाट मोकळ्या जागी, समोर कुणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, चौथा गिअर घाला आणि रेस न देता क्लच सावकाश सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर मिस्त्रींकडे जा. ही परीक्षा एकदाच करायची, खेळ म्हणून पुन्हा पुन्हा नाही.

आणि चढावरच्या गर्दीत? आपल्याकडे नियम आहे की अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. पण पुढचाच ट्रक रखडला असेल तर त्याच्या शेपटाला चिकटून राहू नका. हँडब्रेक ओढून थांबा, पुढे जागा होऊ द्या. मग पहिला गिअर, क्लच वर घेत गाडीचं नाक किंचित उचललं की रेस देत हँडब्रेक सोडा, आणि क्लच पूर्ण सोडून द्या. काहींकडे आता क्लचचं पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या लहान गाड्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत आत क्लचप्लेट असतेच, ती यंत्र दाबतं इतकंच. चढावर नुसत्या रेसवर गाडी धरून ठेवली तर तीही जळते. तिथेही ब्रेकच वापरा.

पुन्हा भाऊबीज

परवाच्या दिवाळीला पुन्हा चिपळूणला गेलो. जाताना घाट ह्यांनी उतरवला, दुसऱ्या गिअरमध्ये, मुकाट्यानं. मागून लेक मधून मधून म्हणायची, "बाबा, पाय!" आणि डावा पाय क्लचवरून खाली यायचा.

येताना किल्ली माझ्याकडे होती. पोफळीच्या पुढे पुन्हा एक ट्रक, तसाच दमलेला. मी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि थर्मासमधला चहा काढला. चहा होईपर्यंत ट्रक दोन वळणं वर गेला होता. मग आम्ही निघालो, पहिल्यात सुरुवात, दुसऱ्यात चढ. वास नाही, आवाज नाही. घाटमाथ्यावर आल्यावर हे म्हणाले, "छान चढवलीस." लग्नाला तेवीस वर्षं झाली, गाडीवरून कौतुक पहिलंच.

नवी प्लेट पडून आता एकवीस हजार किलोमीटर झाले आहेत. जुनी प्लेट मी मिस्त्रींकडून मागून आणली होती, ती फडताळात ठेवली आहे. आमच्या घरी क्लच कुणी जाळला याचं उत्तर आता ठरलेलं आहे : थोडा मी, थोडा ह्यांनी, थोडा त्या जाड मॅटनं आणि थोडा चुकीच्या शिकवणीनं. दीर आले आणि विषय निघाला, की मी ती प्लेट काढून त्यांच्या हातात देते आणि रिव्हेटांची डोकी दाखवते. मग विचारते, "भाऊजी, तुमचा डावा पाय कुठे असतो हो?"